हरवलेला घोडा : एका चकमकीच्या बंदुकीच्या निमित्ताने



पत्रिकेत विषय छापून आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. सर, तुम्ही आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलं, आता या वयात बंदुकीच्या मागे कशाला लागलात? उत्तर पुढे येईलच. आधी बंदूक समजून घेऊ. वाड्यात, देवळात, संग्रहालयात लांब नळीची कुठलीही बंदूक दिसली की आपण 'ठासणीची बंदूक' म्हणून मोकळे होतो. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची. हे बरोबरच आहे. पण ठासणीच्या बंदुकीत निदान तीन जाती आहेत, आणि आतली दारू पेटवायची कशी यावरून त्या ठरतात.

पहिली तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, हळूहळू धुमसणारी सुताची वात. चाप ओढला की ती वात खाली येऊन रंजकावर टेकते. रंजक म्हणजे बाहेरच्या वाटीत ठेवलेली चिमूटभर बारीक दारू. ती पेटली की नळीच्या बाजूला जे बारीक भोक असतं, ज्याला बंदुकीचा कान म्हणतात, त्यातून आग आत जाते आणि बार होतो. तिसरी जात टोपीची. तांब्याची इवलीशी टोपी, तिच्यात ठोका बसला की पेटणारं रसायन. ही एकोणिसाव्या शतकातली. आणि या दोन्हींच्या मधली, आज आपल्या विषयाची, ती चकमकीची बंदूक. जुन्या कागदांत तिला 'पथरकला' असाही शब्द भेटतो.

चकमक इथल्या ज्येष्ठांना समजावून सांगायला नको. मेंढक्यांच्या चंचीत लोखंडाचा तुकडा, गारगोटी आणि शेवरीचा कापूस असायचा. गारगोटीवर लोखंड घासलं की ठिणगी कापसावर, कापसावरून विडीवर. आपण समजतो ठिणगी दगडातून निघते. तसं नाही. दगडाच्या धारेने पोलादाचा अगदी सूक्ष्म कीस निघतो आणि तो घर्षणाने तापून हवेत जळतो. ठिणगी म्हणजे जळणारं लोखंड. बंदुकीत हीच चंची यंत्रात बसवलेली आहे. गार धरणारा एक जबडा असतो, त्याला घोडा म्हणतात. त्याच्यासमोर एक पोलादी झडप असते, ती एरवी रंजकाच्या वाटीवर झाकण म्हणून बसलेली असते. चाप ओढला की आतली कमान घोड्याला पुढे फेकते, गार झडपेवर घासत जाते, झडप मागे उलटते, वाटी उघडी पडते आणि ठिणग्या नेमक्या रंजकावर पडतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तीन-चार क्रिया एकाच झटक्यात आणि ठरल्या क्रमाने घडवून आणायच्या, आणि हे सगळं हाताने कानस मारून घडवायचं, ही सोपी कारागिरी नव्हे.

म्हणूनच आपल्याकडे ती उशिरा आली आणि आली तरी तोड्याच्या बंदुकीने जागा सोडली नाही. काही इतिहासकार याला मागासलेपण म्हणतात. मला ते पटत नाही. तोड्याची बंदूक गावचा लोहार बांधू शकायचा, दुरुस्त करू शकायचा. तिला कडक कमान लागत नाही, पाणी दिलेली झडप लागत नाही, गार लागत नाही. आपला खडक बेसाल्टचा, काळा पाषाण. त्यात गारगोट्या, अकीक भरपूर मिळतात, पण युरोपात बंदुकीसाठी जी गार वापरत, ती चुनखडीच्या थरांतली. इंग्लंडात सफोकमधल्या ब्रँडन गावी पिढ्यान्पिढ्या गारा फोडण्याचा धंदा चालला. एक गार वीस-तीस बार टिकली तर टिकली. म्हणजे बंदुकीबरोबर गारांचा पुरवठाही बांधून घ्यावा लागतो. शिकारीला, गढी राखायला, एकट्यादुकट्याला तोड्याची बंदूकच परवडायची.

चकमकीची बंदूक लागते ती ओळीत उभ्या राहणाऱ्या पलटणीला. पेटता तोडा हातात घेतलेली माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू शकत नाहीत, शेजाऱ्याच्या दारूच्या पिशवीचं भय असतं. चकमक आली, आगीचं भय कमी झालं, माणसं दाट उभी राहिली. कागदी काडतूस आलं, पुढे संगीन लागली, आणि शिकवलेला शिपाई मिनिटाला तीनेक बार काढू लागला. नेम चांगला नव्हता. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरणं म्हणजे नशिबाची परीक्षा. पण शंभर जणांनी एकदम शंभर जणांवर बार काढले तर नेमाची गरज काय?

ही पद्धत दख्खनमध्ये फ्रेंचांनी रुजवली. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी आधी निजामाकडे होता, मग मराठ्यांकडे आला. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीर-औशाच्या टापूत गाठलं, तेव्हा निजामाची फौज आपल्या धारूरच्या रोखाने सरकत होती आणि इब्राहिमखानाचे गारदी भाऊंच्या बाजूने होते. पुढच्याच वर्षी १४ जानेवारीला हेच गारदी पानिपतावर उभे राहिले आणि बहुतेक तिथेच पडले. 'गारदी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त शनिवारवाडा आणि नारायणराव येतात, हा त्या शिपायांवर थोडा अन्यायच आहे.

दुसरा टप्पा खर्ड्याचा. ११ मार्च १७९५. निजाम अली बीदरहून निघाला तो मांजरेच्या काठाकाठाने. मांजरा म्हणजे आपलीच नदी, आज धनेगावला जिचं धरण आहे ती. मोहरीचा घाट उतरून तो खर्ड्याकडे गेला. त्याच्याकडे रेमंड नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने तयार केलेल्या पलटणी होत्या, समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या. त्याही एका सावॉयच्या माणसाने, द बॉईनने, उभ्या केलेल्या. म्हणजे दोन्हीकडे चकमकीच्या बंदुका आणि दोन्हीकडे युरोपीय कवायत. आणखी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात येत नाही. निजामाच्या पदरी स्त्रियांच्या दोन पलटणी होत्या, जफर पलटण म्हणत त्यांना. कवायती गणवेश, खांद्यावर बंदुका. जनानखान्याच्या पहाऱ्यासाठी असलेल्या या बायका खर्ड्याच्या मोहिमेवर आलेल्या होत्या. आपल्या परिसरातून बंदूक घेऊन गेलेल्या शिपायांत त्याही धरा.

या बंदुका कुठून यायच्या? काही जहाजाने, काही इथेच घडवलेल्या. शिंद्यांच्या आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस दहा रुपयांत एक बंदूक घडवून द्यायचा. हैदराबादेत रेमंडचा ओतशाळेचा कारखाना होता, आजही तिथल्या वस्तीला गनफाउंड्री म्हणतात. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी त्याच्या दहा हजारांहून अधिक शिपायांची हत्यारं एका दिवसात खाली ठेवायला लावली. १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. पुढे अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, निजामाच्या नावाची पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली फौज बसली. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापरावांनी बंड केलं ते याच काळात. सांगायचं काय, की साठ-सत्तर वर्षांत आपल्या या पट्ट्यातून फ्रेंच, इंग्रजी, आग्र्याची, हैदराबादची, सगळ्या घाटणीची बंदूक गेली. काही इथेच राहिल्या. पडलेल्या, विकलेल्या, लपवलेल्या, बक्षीस मिळालेल्या.

त्यातली एक आपल्या तालुक्यात निघाली. गाव आणि घराणं सांगणार नाही, पुढे कायद्याचा मुद्दा आहे म्हणून. वाडा उतरवताना बळदात सापडली. बळद कोरडं होतं म्हणून लाकूड बऱ्यापैकी टिकलं, फक्त दस्त्याच्या टोकाला वाळवीने खाल्लंय. घरातल्या तरुणांचा बेत असा, की १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रदर्शनात ती मांडायची, आणि नुसती मांडायची नाही, हरवलेले भाग करून घेऊन चालू स्थितीत मांडायची. एक लेथवाला आठवड्यात करून द्यायला तयार होता. आधी मला दाखवावी म्हणून ते घेऊन आले.

मी त्यांना पहिलं काम सांगितलं ते हे, आणि ज्यांच्या घरी अशी बंदूक असेल त्यांनी हे नीट ऐका. ती भरलेली आहे का हे आधी बघा. हसू नका. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठासून ठेवलेली दारू कोरड्या नळीत आजही पेटू शकते. लाकडाची सरळ काठी तोंडातून अलगद शेवटपर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची, काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघायची. काठीचं टोक कानापर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. मग हात लावायचा नाही, ठोकायचं नाही, तापवायचं तर मुळीच नाही, सरळ पोलिसांना कळवायचं. ही बंदूक सुदैवाने रिकामी होती.

मग टेप लावली. नळी ९९ सेंटिमीटर, म्हणजे ३९ इंच. भोक १९ मिलिमीटरच्या आसपास. नळी लाकडाला आडव्या बारीक खिळ्यांनी धरलेली, बांगड्या नाहीत. फ्रेंच १७७७ च्या नमुन्याच्या बंदुकीला बांगड्या असतात, नळी लांब असते आणि भोक साडेसतरा मिलिमीटरचं. म्हणजे ही फ्रेंच नव्हे. कळीच्या पट्टीवर झिजलेला, मागच्या पायांवर उभा सिंह अंधुक दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८०८ पासून हा सिंह ठोकायला सुरुवात केली, त्याआधी बदामी आकाराची खूण असायची. तेव्हा ही कंपनीची, 'इंडिया पॅटर्न' म्हणतात त्या घाटणीची, १८०८ नंतरची बंदूक. घरात कथा अशी होती की ही खर्ड्याच्या लढाईतली. खर्डा १७९५ चा. तरुण मंडळींचे चेहरे उतरले, पण सिंहापुढे इलाज नाही.

आता काय काय नाही ते बघू. घोडा नाही. झडप नाही. झडपेखालची छोटी कमान नाही. गज नाही. गार तर अर्थातच नाही. आणि इथे माझा न्याय-वैशेषिक कामाला आला.

वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची यादी केली तेव्हा शेवटी एक विलक्षण पदार्थ मानला गेला, अभाव. नसणं हाही एक पदार्थ. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कळतं, म्हणजे ते 'नसणं' ज्ञानाचा विषय होतं. वर्गात पोरं यावर हसायची. पण नैयायिक म्हणतो, नुसतं 'नाही' म्हणू नका. कशाचा अभाव आणि कुठे, हे दोन्ही सांगा. आणि अभावाचे प्रकार सांगा. जी वस्तू अजून झालीच नाही तिचा प्रागभाव. होती आणि नष्ट झाली तिचा प्रध्वंसाभाव. तिथे कधी नव्हतीच आणि असणारही नाही तिचा अत्यंताभाव. चौथा अन्योन्याभाव, घडा म्हणजे कापड नव्हे, त्याचं आज काम नाही.

तुटक्या वस्तूपुढे बसणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो. इथे जे नाही, ते हरवलंय की ते इथे नव्हतंच? तोड्याच्या बंदुकीला झडप नसते. उद्या तोड्याची बंदूक समोर आली आणि तुम्ही 'अरेरे, झडप हरवली' म्हणून बसवून दिलीत, तर तुम्ही अत्यंताभावाला प्रध्वंसाभाव समजलात. मग ओळखायचं कसं? खुणांवरून. या बंदुकीच्या पट्टीवर रंजकाची वाटी शाबूत आहे. पुढे दोन रिकामी, आटे पाडलेली भोकं आहेत, एक झडपेच्या स्क्रूचं, एक तिच्या कमानीचं. पट्टीच्या मधून एक चौकोनी खुंटी बाहेर आलेली आहे, घोडा तिच्यावर बसायचा. त्या खुंटीभोवती पट्टीवर कमानीसारखा ओरखडा उमटलाय. घोडा हजारो वेळा पुढेमागे झाला त्याची ती वाट. कानाभोवतीचं लोखंड दारूच्या आगीने खड्डे पडून खाल्लेलं आहे. म्हणजे घोडा होता, झडप होती, बार झाले, खूप झाले. शिवाय वाटी शाबूत आहे यावरून आणखी एक कळतं. १८४० च्या दशकापासून पुष्कळ चकमकीच्या बंदुकांची वाटी कापून, कानात बोंडी बसवून त्या टोपीच्या केल्या गेल्या. हिच्यावर ते झालेलं नाही. हिचे भाग नंतर कधीतरी काढले गेले किंवा पडले.

इथवर सगळं ठीक. अडचण पुढे आहे. घोडा होता हे नक्की, पण कसा होता? १८०९ मध्ये इंग्रज सरकारने या नमुन्यात घोड्याची मान बदलली. आधीची मान हंसासारखी वाकडी आणि नाजूक, ती मोडायची. नंतरची जाड, मध्ये गोल भोक असलेली. आपल्या पट्टीवर सिंह आहे, साल झिजून गेलंय. दोन्ही घोडे शक्य आहेत. पट्टीवरचा ओरखडा खुंटीजवळचा, तो मानेचा आकार सांगत नाही. लेथवाला विचारणार, साहेब, कुठला करू? आणि आपण जे सांगू ते उद्या इतिहास होणार. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ती बंदूक हातात घेईल, हंसमानेचा घोडा बघेल आणि लिहील की ही अमुक सालाआधीची. १९६४ साली व्हेनिसला जगभरच्या जाणकारांनी वास्तूंच्या जतनाची सनद केली. तिच्यातली एक अट मला फार आवडते. अंदाज जिथे सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवायचा. घोड्याच्या मानेशी आपला अंदाज सुरू होतो.

कुणी म्हणेल, सुट्टे भाग मिळतात की! मिळतात. आपल्या देशातच अशा जुन्या घाटणीच्या बंदुका नव्याने बनतात आणि अमेरिका-कॅनडात लढायांचे देखावे करणारी हौशी मंडळी त्या विकत घेतात. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुन्या हत्यारांचा प्रचंड साठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यात अशा हजारो बंदुका होत्या. पैसे टाकले तर खरा, जुना, त्याच काळचा घोडाही मिळेल. पण तो बसेल का? १७८५ मध्ये फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक नावाच्या कारागिराने कळीचे भाग सारखे घडवून, ढिगातून कुठलेही उचलून जोडून दाखवले, तेव्हा बघायला गेलेल्या थॉमस जेफरसनलाही नवल वाटलं. का? तर तोपर्यंत एका बंदुकीचा भाग दुसरीला लागत नसे. प्रत्येक कळ एकेका कारागिराने एकमेकांशी घासून जुळवलेली. म्हणून आतल्या बाजूला कानसेने एक खाच, दोन खाचा, तीन खाचा अशा खुणा करत, भाग मिसळू नयेत म्हणून. आपल्या वाड्याचे सुतार तुळईला आणि खांबाला जोडखुणा करतात तसंच. दुसऱ्या बंदुकीचा घोडा बसवायचा तर त्याचं चौकोनी भोक कानसावं लागणार, नाहीतर आपल्या खुंटीला कानस लावावी लागणार. एकीचं नसणं भरायला दोघींना इजा.

न्यायशास्त्रात याचीही चर्चा आहे, ती कापडाच्या उदाहरणाने. कापडातून काही धागे काढले तर उरतं ते तेच कापड का? नैयायिकाचं उत्तर कठोर आहे. मूळ पट नष्ट झाला, उरलेल्या धाग्यांचा नवा, लहान 'खंडपट' जन्माला आला. अवयवी अवयवांहून वेगळा असतो, अवयव गेला की जुना अवयवी गेला. मला हे उत्तर पूर्ण मान्य नाही, व्यवहारात आपण उसवलेल्या धोतराला धोतरच म्हणतो. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खंडपटाला त्याचं स्वतःचं अस्तित्व आहे. तो अर्धवट राहिलेला जुना पट नव्हे, आज आहे तसा तो आहे.

आणि कापडाचंच उदाहरण घ्यायचं तर लांब कशाला जाऊ? अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. साडेतीनशे वर्षांहून जुनं, चाळीसेक फूट लांब खादीचं कापड, त्यावर पंचीकरणाचा विषय ओव्यांत आणि आकृत्यांत लिहिलेला. कापड जीर्ण झालंय. उद्या कुणी म्हणालं, जिथे अक्षर गेलंय तिथे मी छान काळ्या शाईने भरून देतो, तर आपण त्याचा हात धरू की नाही? अक्षर काय असेल हे संदर्भावरून कळत असलं तरी धरू. ते आपण कागदावर छापू, शेजारी ठेवू, पासोडीवर लिहिणार नाही. मग लोखंड आणि लाकूड आलं की आपली बुद्धी बदलते कशी? आपल्या भागातली हेमाडपंती देवळं बघा. भक्तिभावाने ऑइलपेंट दिलाय. भाव खरा आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही, पण शिल्पाचे बारकावे गेले ते गेले.

या बंदुकीवर अशीच एक जुनी दुरुस्ती आहे. दस्त्याची मान, जिथे आपण मूठ धरतो, ती कधीतरी तडकली होती. कुणीतरी तिथे लोखंडी पातळ पट्टी गुंडाळून चार खिळे मारलेत. पट्टी ओबडधोबड आहे, खिळ्यांची डोकी सारखी नाहीत. विलायती काम नव्हे, इथल्याच कुणा लोहाराचं, घिसाड्याचं असावं. लेथवाल्याचं म्हणणं, हे आधी काढून टाकू, फार वाईट दिसतं. मला मात्र सगळ्या बंदुकीत हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. सिंह लंडनचा, नळी विलायतेतली, आणि ती पट्टी आपली. कंपनीचं हत्यार कुण्या गावच्या माणसाच्या हातात गेलं, मोडलं, आणि त्याने ते टाकलं नाही, याचा पुरावा त्या चार खिळ्यांत आहे. तो काढला की उरते ती इतर लाखो बंदुकांसारखी एक.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ४५ आहे. जुन्या, कालबाह्य नमुन्याचं, पुराणमूल्य असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार या कायद्यातून वगळलेलं आहे, पण एका अटीवर. ते बंदूक म्हणून वापरता येणारं नसावं, दुरुस्ती करून किंवा न करता. 'दुरुस्ती करून' हे शब्द नीट बघा. आज ती चालत नाही एवढं पुरत नाही. ती चालू होऊच शकत नाही, असं असावं लागतं. कायदा इथे वस्तूच्या स्थितीबरोबर तिच्या शक्यतेकडेही बघतो. शिवाय बंदूक दुरुस्त करायला, तिचे भाग बनवायला वेगळा परवाना लागतो, तो लेथवाल्याकडे नव्हता आणि असण्याचं कारणही नव्हतं. म्हणजे प्रदर्शनात टाळ्या मिळाव्यात म्हणून घरातली सगळी माणसं गुन्ह्यात अडकली असती, लेथवाल्यासकट. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा वेगळा, त्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू येतात आणि त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. माझा सल्ला साधा आहे. कुणी सांगितलं म्हणून 'अँटिक आहे, चालतंय' असं धरून बसू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात फोटो आणि मापांसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि लेखी उत्तर येईपर्यंत बंदुकीला हत्यार लावू नका.

हे सगळं मी त्या घरी बसून सांगत होतो तेव्हा ढाळजेत बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "चालू असती तर घरात ठिवली असती का म्या?" नातू काही बोलला नाही. मीही बोललो नाही. कलम ४५ चं इतकं सोपं भाष्य मी वकिलांकडूनही ऐकलेलं नाही.

पण तरुणांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं कुणी समजू नये. बंदूक हे यंत्र आहे. देवळातली मूर्ती बघून कळते, यंत्र चालताना बघून कळतं. घोडा नसलेली कळ शाळेच्या पोरांना दाखवून काय समजणार? हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी मी तीन गोष्टी सुचवल्या. एक, हरवलेल्या घोड्याच्या आणि झडपेच्या जागी लाकडाचे, न रंगवलेले, काढता येणारे नमुने टेकवायचे. लांबून बंदूक पुरी दिसेल, जवळ आलं की हे नवं आहे हे लहान मुलालाही कळेल. चेझारे ब्रांदी नावाच्या इटालियन अभ्यासकाने चित्रांच्या बाबतीत हाच नियम घालून दिला होता. आणि घोड्याचे दोन्ही नमुने करायचे, हंसमानेचा आणि भोकाचा, एक बसवायचा, दुसरा शेजारी ठेवायचा. आपल्याला काय नक्की माहीत नाही हेही मांडता येतं की प्रदर्शनात. दुसरी गोष्ट, कळीची चौपट मोठी लाकडी प्रतिकृती करायची, कमानीच्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर. पोरांनी हवा तितका चाप ओढावा. तिसरी, शेजारी चकमक ठेवायची आणि एखाद्या म्हाताऱ्या मेंढक्याला दोन तास बसवायचं. ठिणगी पडताना बघणं हे कुठल्याही फलकापेक्षा जास्त शिकवतं.

साफसफाईबद्दल थोडं बोलतो, कारण नुकसान बहुतेक तिथेच होतं. विटकरीची भुकटी, चिंच, लिंबू, तारेचा ब्रश, ग्राइंडर, यांतलं काही वापरायचं नाही. झिजलेला सिंह अर्ध्या मिनिटाच्या ग्राइंडरने कायमचा जातो. मऊ कापडाने धूळ काढायची, सैल गंजावर पातळ तेलाचं बोट फिरवायचं, मग पुसून मेणाचा हलका हात. लाकडाला पाणी नाही, पॉलिश नाही. वाळवी जिवंत असेल तर आधी बंदूक वेगळी ठेवायची. स्क्रू उघडायचे नाहीत, दोनशे वर्षांच्या गंजाने धरलेला स्क्रू पिळला की डोकं तुटतं. आणि खंडेनवमीला पूजा करायचीच असेल तर हळद-कुंकू ओलं करून लोखंडावर लावू नका. समोर पाटावर सुपारी मांडा, बंदूक बाजूला कापडावर ठेवा. आजींना हे मान्य झालं. म्हणाल्या, देव सुपारीत बी असतोच.

तेरला रामलिंगअप्पा लामतुरे यांनी एकट्याने, स्वतःच्या खिशातून, शेतात सापडलेल्या वस्तू जमवल्या, त्याचं आज शासकीय संग्रहालय झालंय. केजहून फार लांब नाही. त्या वस्तूंत कितीतरी तुटक्या आहेत. हात नाही, नाक नाही, कड नाही. कुणी नाक चिकटवलेलं नाही, म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे येतात. आपल्या तालुक्यात बळदात, माळवदावर, देवघरामागे अजून काय काय असेल कोण जाणे. माझी विनंती एवढीच, की काही सापडलं तर पुसण्याआधी फोटो काढा, माप घ्या, कुठे आणि कशाच्या शेजारी सापडलं ते वहीत लिहा. या बंदुकीबरोबर बळदात आणखी काही होतं का, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की एक लोखंडी डबा होता आणि त्यात "कायतरी गंजलेले तुकडे" होते. वाडा उतरवताना तो भंगारवाल्याला गेला. भंगारवाला केजचाच आहे. नातू आता त्याच्या मागे लागलाय. आठ महिने झालेत, पण भंगाराचे ढीग कधी कधी वर्षभर पडून असतात.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.